‘नाही’ न म्हणणारा देव

गणपती जवळ आले की मराठी ख्रिस्ती मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी तोच वाद नव्याने पेटतो. शेजारच्या काकूंनी दिलेला मोदक खावा का? सोसायटीच्या आरतीला उभं राहिलेलं चालतं का? वर्गणीची पावती फाडायची की नाही? दोन दिवसांत वाद मोदकावरून मरियामातेच्या पुतळ्यावर घसरतो आणि कॅथलिक-प्रोटेस्टंट एकमेकांना दहा आज्ञा पाठवू लागतात. (त्या आज्ञांचे क्रमांकही दोघांचे जुळत नाहीत, ते वेगळंच.) मग एखादे समजूतदार पाळक मध्ये पडतात आणि सांगतात, की आजची खरी मूर्ती म्हणजे मोबाइल, क्रिकेट आणि पैसा. सगळे ‘आमेन’ टाकतात, वाद मिटतो. पुढच्या भाद्रपदापर्यंत.

माझं म्हणणं असं, की हे तिन्ही पक्ष भलत्याच जागी शोधताहेत. मोदकवाले आणि पुतळेवाले विचारतात, वस्तू कशाची आणि कुणापुढे ठेवलेली. मोबाइलवाले विचारतात, तुमचा वेळ कुठे जातो. पवित्र शास्त्र यापेक्षा अडचणीचा प्रश्न विचारतं: तुम्ही ज्याला देव म्हणता, तो तुम्हाला ‘नाही’ म्हणू शकतो का? ज्याचा नकार आपण आधीच काढून घेतला, ज्याला ठरलेली वस्तू दिली की ठरलेलं फळ मिळतं, तो देव मूर्ती झाला. मग तो दगडाचा असो, बाटलीतल्या तेलाचा असो, की त्याचं नाव येशू असो. असा देव शोधायला बाजारात जावं लागत नाही. तो बहुधा उपासनेतच बसलेला सापडतो.

मोबाइलवाल्यांच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे, तो आधी मान्य करतो. कलस्सैकरांस पत्र लिहिताना (३:५) प्रेषित पौल लोभाला सरळ मूर्तिपूजा म्हणतो. यहेज्केल १४ मध्ये देव तक्रार करतो, की इस्राएलच्या वडिलांनी, म्हणजे पुढारी मंडळींनी, मूर्ती मनातच बसवल्या आहेत. म्हणजे हा शब्द रुंद करण्याची मुभा शास्त्रानेच दिली. पण ताणायचा किती? मॅचपायी उपासना बुडाली तर तो आळस. मोबाइल हातातून सुटत नसेल तर ती सवय, फार तर व्यसन. पापाला मराठीत नावं पुष्कळ आहेत. प्रत्येकाला मूर्तिपूजा म्हणत सुटलं की शब्द बोथट होतो. शिवाय उपदेशकाचीही सोय होते, कारण मोबाइल काही चर्च कमिटीत बसत नाही आणि त्याला कधी राग येत नाही. मग पौलाने नेमका लोभच का उचलला? लोभी माणूस पैशाकडे जी गोष्ट मागतो ती देवाकडे मागायची असते: उद्याची हमी. ‘हमी’ हा शब्द हाताशी ठेवावा, पुढे तोच उपयोगी पडणार आहे.

सोन्याच्या वासराची गोष्ट संडे स्कूलमध्ये सगळेच शिकतात, पण तिच्यातली एक ओळ सहसा गाळली जाते. वासरू घडवून झाल्यावर मोशेचा भाऊ अहरोन त्याच्यापुढे वेदी बांधतो आणि जाहीर करतो, की उद्या परमेश्वराप्रीत्यर्थ सण आहे (निर्गम ३२:५). परमेश्वराप्रीत्यर्थ, दुसऱ्या कुणाच्या नव्हे! लोकांना देव बदलायचा नव्हता. डोंगरावर जाऊन गप्प बसलेला देव त्यांना हाताशी हवा होता. राज्य फुटल्यावर उत्तरेचा राजा झालेल्या यराबामाने बेथेल आणि दान इथे वासरं बसवली तेव्हा लोकांना सांगितलं, यरुशलेमेपर्यंतची पायपीट तुम्हाला फार होते. किती काळजी! खरं कारण आदल्याच ओळीत आहे: लोक यरुशलेमेला जाऊ लागले तर त्यांचं मन तिथल्या रहबाम राजाकडे वळेल आणि आपली गादी जाईल (१ राजे १२). लढाई जिंकलेल्या गिदोनाने राजा व्हायला नकार दिला आणि त्याच बैठकीत लुटीतली कुंडलं मागून घेतली. १,७०० शेकेल सोनं जमलं, त्याचं एफोद (याजकाचं वस्त्र) झालं आणि तेच त्याच्या घराला फास ठरलं (शास्ते ८). पलिष्ट्यांशी लढताना इस्राएलचे चार हजार पडले म्हणून कराराचा कोश (आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी) शिलोहून रणांगणात आणला. मग तीस हजार पडले आणि कोशही गेला (१ शमुवेल ४). बआल आणि मोलख हे परके देव होतेच, नाही असं नाही. पण इस्राएलला आतून पोखरणाऱ्या मूर्तींतल्या कितीतरी घरच्याच होत्या, परमेश्वराच्या नावाने बसवलेल्या.

पितळी सापाचं उदाहरण तर या सगळ्या वादावरचा निकालच म्हणावा असं आहे. तो साप मोशेने देवाच्या सांगण्यावरून केला. त्याच्याकडे पाहून साप चावलेली माणसं खरोखर वाचली. शतकं लोटली आणि हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले होते. त्याला ‘नहुश्तान’, म्हणजे पितळेचा तुकडा, असं नाव पडलं (२ राजे १८:४). मधल्या काळात पितळ बदललं नव्हतं. घडवणारा पवित्र, आज्ञा पवित्र, इतिहास खरा, आणि तरीही मूर्ती! तेव्हा ‘ही वस्तू बायबलमध्ये आहे’ एवढं सांगून कुणाची सुटका होत नाही.

मोदकाचा प्रश्न क्षुल्लक आहे असं मात्र मी म्हणत नाही. पौलाने करिंथकरांना लिहिताना त्याच्याभोवती तीन अध्याय घातले आहेत, आठ ते दहा. ज्या घरात बाप्तिस्म्याची पहिलीच पिढी आहे, ज्यांनी त्यासाठी आईबाप सोडले, त्यांच्या ताटात पडलेला प्रसाद हा नुसता गोड पदार्थ नसतो. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या वर्षांत त्या घराने काय सोसलं हे मराठी वाचकाला सांगायला नको. अशा माणसाच्या विवेकाची थट्टा करू नये. पण पौलाचा निवाडा नीट वाचला तर तो तीन जागांसाठी तीन प्रकारचा आहे. देवळातल्या मेजावर बसू नका. बाजारात विकत मिळतं ते चौकशी न करता घ्या. कुणी घरी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा. मात्र ‘हे नैवेद्याचं आहे’ असं कुणी मुद्दाम सांगितलं तर खाऊ नका, तेही सांगणाऱ्याच्या विवेकासाठी, स्वतःच्या नव्हे. स्टीलच्या डब्यातून आलेला मोदक तिसऱ्या जागेत बसतो. आरतीचं ताट हातात घेणं पहिल्या जागेकडे सरकतं. प्रश्न नाजूक आहे, पण तासाभरात बोलून होण्यासारखा. तो आपण दहा दिवस पुरवतो, कारण त्यात मूर्ती नेहमी दुसऱ्याच्या घरात असते.

पुतळ्यांचंही असंच. निकियाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने ७८७ साली फरक करून ठेवला आहे: प्रतिमेला दिलेला मान ती जिची आहे त्या व्यक्तीकडे जातो, आणि खरी उपासना फक्त देवाची. प्रोटेस्टंट यावर म्हणतात, हा फरक धर्मपंडितांच्या डोक्यात शाबूत राहतो, जत्रेच्या रांगेत विरघळतो. त्यात तथ्य आहे. बांद्र्याला मोत माउलीच्या जत्रेत चढावरच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, बाळं, घरं, विमानंसुद्धा मिळतात. पाय दुखतो त्याने पाय घ्यायचा, परदेशी जायचं त्याने विमान. हे पाहून नाक मुरडणं सोपं आहे. पण मेणाचा पाय वाहणाऱ्या बाईची पारख पायावरून कशी करणार? पाय बरा झाला नाही, आणि ती पुढच्या वर्षीही येऊन माउलीशेजारी नुसती बसली, तर मेणाच्या रूपातली ती प्रार्थना होती. ‘अमक्या ठिकाणची माउली लवकर पावते’ म्हणून तिने क्षेत्र बदललं, तर गोष्ट वेगळी. तिचा पुतळा काढून घेतला, हातात नुसतं बायबल दिलं, तरी ती बायबलकडूनही पाय बरा करण्याची हमीच मागेल.

पुतळे काढून मूर्ती जात नाहीत, याचा पुरावा इतिहासात ढिगाने आहे. १५२२ मध्ये विटेनबर्गला प्रतिमा हटवण्याचा दंगा सुरू झाला तेव्हा प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा ल्यूथर लपण्याची जागा सोडून परतला आणि त्याने आठ दिवस रोज प्रवचन केलं. त्यातला एक युक्तिवाद मोठा खमंग आहे: सूर्य-चंद्र-ताऱ्यांना भजणारे लोक आहेत, म्हणून काय ते आभाळातून खाली ओढायचे? पुतळ्यांचा त्याला पुळका नव्हता. त्याच ल्यूथरने १५२९ च्या प्रश्नोत्तरीत लिहून ठेवलं, की तुमचं मन ज्याच्यावर विसंबतं तोच तुमचा देव, आणि जगात सगळ्यात जास्त चालणारी मूर्ती म्हणजे धन. स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिकने त्याचं ऐकलं नाही. १५२४ च्या उन्हाळ्यात तिथली चर्चं दारं लावून आतून रिकामी केली, भिंती पांढऱ्या केल्या. छान झालं. पुढे तीन वर्षांच्या आत, जानेवारी १५२७ मध्ये, त्याच शहराने फेलिक्स मान्झ नावाच्या माणसाला हातपाय बांधून लिमात नदीत बुडवलं, कारण तो प्रौढांचा पुन्हा बाप्तिस्मा करत होता आणि त्यामुळे शहराची एकी मोडत होती. पांढऱ्या भिंतींच्या आत ‘शहराची एकी’ नावाचं एक दैवत होतं. त्याला बळी लागला, आणि तो दिला गेला.

आपल्या जवळचं उदाहरण याहून बोचरं आहे. गोव्यात साष्टीतली देवळं पोर्तुगीजांनी १५६७ साली पाडली. मूर्ती गेल्या, क्रूस उभे राहिले, जात मात्र बाप्तिस्मा घेऊन आत आली. बामण, चारडो, सुदिर ही नावं चर्चच्या आत टिकली आणि सोयरिकी त्याच रेषेवर जुळत राहिल्या. देवळं पाडणाऱ्यांना ती दिसली नाही, कारण ती दगडाची नव्हती. इकडे देशावरच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांनी फार मिरवू नये. एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणारी घरं मुलीच्या लग्नाची बोलणी निघाली की पणजोबा मूळ कुठल्या समाजातले, हे आडवळणाने काढून घेतातच. मुलगा विश्वासी, मुलगी विश्वासी, दोघांचा बाप्तिस्मा झालेला, पाळकांची हरकत नाही, आणि तरीही लग्न मोडतं. अशा घरात शेवटचा शब्द कुणाचा? ‘ख्रिस्तात तुम्ही सगळे एक आहात’ असं सांगणाऱ्या, गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातल्या अठ्ठाविसाव्या ओळीचा, की थोरल्या चुलत्याचा? देवाचा नकार तिथे चालत नाही, जातीचा चालतो. मूर्ती ओळखायला यापेक्षा सोपी खूण मला माहीत नाही. दिवाणखान्यातला क्रूस तेव्हा नुसता भिंतीवर असतो.

आता तेलाकडे. अभिषेकाच्या तेलाला आधार आहे, आणि तो भक्कम आहे. याकोब ५:१४ मध्ये स्पष्ट लिहिलंय: कुणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी. यात बिघाड कसा होतो, तो पायरीपायरीने पाहण्यासारखा आहे. आधी वडील घरी जातात, वाटीत थोडं तेल, प्रार्थना, रुग्णाशी बोलणं, पापांची कबुली. मग ज्यांच्या घरी जाणं जमत नाही त्यांच्यासाठी एखादी बाटली प्रार्थना करून पाठवली जाते. इथवर दयाच आहे. मग बाटल्या आधीच भरून ठेवल्या जातात, त्यांवर सेवेचं नाव आणि पाळकांचा फोटो येतो, शेजारी ‘स्वेच्छा देणगी’ची पेटी येते आणि स्वेच्छेचा आकडा कानोकानी ठरतो. मग वापरण्याची रीत येते: दाराच्या चौकटीला, पोराच्या दप्तराला, दहावीच्या पेनाला, नव्या प्लॉटच्या चार कोपऱ्यांना. शेवटी गुण आला नाही तर काय, याचं उत्तर तयार होतं: तुमचा विश्वास कमी पडला. या शेवटच्या पायरीवर मूर्ती पुरी होते. तेलाने बरं वाटलं तर तेलाचं सामर्थ्य, न वाटलं तर तुमचा दोष. देवाला नकार द्यायला या हिशेबात रकानाच उरत नाही. शिवाय पाहा, याकोबाच्या पत्रातलं काय काय वाटेत गळून गेलं: वडील गेले, घरची भेट गेली, कबुली गेली. उरलं फक्त तेल.

यावर ठरलेलं उत्तर येतं ते प्रेषितांची कृत्ये १९:१२ चं: पौलाच्या अंगावरचे रुमाल नेले आणि आजारी बरे झाले. मान्य. पण ते पुस्तक लिहिणारा लूक त्याला नेहमीचं नसलेलं, असाधारण काम म्हणतो, आणि ते करणारा देव असं सांगतो. रुमालांना पौलाने छाप मारली नव्हती. आणि वाचणारे थांबतात तिथून पुढच्याच ओळीत स्किवाचे सात मुलगे येतात. त्यांनी पौलाचं बघून येशूचं नाव मंत्रासारखं वापरलं. ज्याच्यावर वापरलं त्याने त्यांना असं बदडलं, की उघडेनागडे पळाले. लूकने या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यात त्या काही जागा भरायला नव्हे.

हीच गत वचनांची. एकतीस डिसेंबरच्या रात्री उपासनेनंतर टोपली फिरते, प्रत्येक जण डोळे मिटून वर्षभराचं वचन उचलतो. निरुपद्रवी प्रथा आहे, लोकांना वचन पाठ तरी होतं, हेही खरं. पण टोपलीत काय घातलेलं असतं ते बघा. ‘स्वतःचा त्याग करून आपला वधस्तंभ उचलून घे’ असं कार्ड कुणाच्या हाती लागल्याचं कुणी ऐकलंय? यिर्मया २९:११ मात्र हमखास, कारण त्यात हिताचे संकल्प आहेत, आशा आहे, भविष्य आहे. ते यिर्मया संदेष्ट्याने बाबेलमधल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातलं वाक्य आहे आणि त्याच्या आदल्याच ओळीत मुदत दिलेली आहे: सत्तर वर्षं. म्हणजे ते पत्र ज्यांच्यापुढे वाचलं गेलं त्यांतले बहुतेक परत न जाताच मरणार होते. दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल, अशी हमी हनन्या नावाच्या खोट्या संदेष्ट्याने दिली होती, त्याच्या आधीच्या अध्यायात. लोकांना तो आवडला असणार. आपण कार्ड छापतो यिर्मयाचं आणि वाचतो हनन्याचं. स्तोत्र ९१ तर दारावर, गाडीच्या डॅशबोर्डवर, उशाखाली. दाराच्या चौकटीवर वचन लिहायला ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात सांगितलेलंच आहे, असं कुणी म्हणेल. पण तिथे लिहायला सांगितल्या आहेत आज्ञा, म्हणजे येता-जाता आपल्याला अडवणाऱ्या ओळी. स्तोत्र ९१ मधल्या ओळी तावीजासारख्या वापरून दाखवणारा पहिला कोण, हेही आठवावं. मत्तय ४ मध्ये मंदिराच्या शिखरावर सैतान येशूला म्हणाला, उडी टाक, देवदूत झेलतील, लिहिलेलंच आहे ना! टोपली बंद करा असं मी म्हणत नाही. कार्डावर एका ओळीऐवजी अख्ख्या अध्यायाचा आकडा छापा, एवढंच करून बघा. यिर्मया २९ पूर्ण वाचणारा माणूस वेगळ्या तयारीने जानेवारीत शिरेल.

याच्याही पुढची पायरी म्हणजे ‘बीज पेरा’. अमुक रक्कम द्या, तीसपट, साठपट, शंभरपट घ्या. मराठीत याला जुना शब्द आहे: नवस. फरक इतकाच, की नवस काम झाल्यावर फेडायचा असतो. इथे आगाऊ भरायचा. नवसाने मुलं होतात तर नवरा कशाला, असं शेकडो वर्षांपूर्वी विचारून मोकळी झालेली वारकरी परंपरा अंगणात असताना, तिच्यासमोर बसून आपण हा व्यवहार येशूच्या नावाने करतो! आता कुणी म्हणेल, हन्नानेही नवस केला होता, आणि शमुवेल झाला. बरोबर. पण हन्नाने जे मागितलं तेच देऊन टाकलं. दूध सुटताच पोर शिलोला नेऊन ठेवलं. तिच्या नवसात नफा नव्हता. दुसरा नवस इफ्ताहाचा (शास्ते ११). जय मिळाला तर घरातून जे पहिलं सामोरं येईल ते अर्पण करीन, असं तो बोलून बसला. हे देवाने मागितलं नव्हतं. सामोरी आली ती डफ वाजवत नाचणारी एकुलती एक मुलगी. नवस बापाचा, मोल मुलीचं. मूर्तीची दुसरी खूण हीच: किंमत नेहमी घरातलं सगळ्यात दुबळं माणूस मोजतं. पोराला डॉक्टर करायचंच, म्हणून दहावीपासून रविवारी क्लास लावणारे, त्याला मित्र नाहीत, झोप नाही, आणि निकालादिवशी ‘प्रभूने आमची मान उंच केली’ अशी साक्ष देणारे आईबाप इफ्ताहापेक्षा फार दूर उभे नसतात.

कन्व्हेन्शनचा फ्लेक्स एकदा नीट बघावा. मधोमध कोट घातलेले वक्ते, कमरेपासून वर, बोट आभाळाकडे. बाजूला पत्नी. वर गोलांत स्थानिक पाळक. क्रूस असलाच तर उजव्या कोपऱ्यात, आयोजकांच्या मोबाइल नंबराच्या वर. सेवकांना मान देऊ नये का? द्यावा, दुप्पट द्यावा, असं पौलच तीमथ्याला लिहितो. पण लुस्त्र गावी लोक त्यांना देव समजून बैल आणि हार घेऊन आले तेव्हा त्याच पौलाने आणि बर्णबाने अंगावरचे कपडे फाडले. कर्नेल्य नावाचा रोमी अधिकारी पाया पडला तेव्हा प्रेषित पेत्राने त्याला उठवलं आणि मीही माणूसच आहे म्हणाला. ‘देवाच्या अभिषिक्ताला बोलू नका’ असं म्हणून हिशेब विचारणाऱ्याला गप्प करणारी मंडळी नेमकी उलट दिशेने चालते. तिच्यात पाळकांना कुणी ‘नाही’ म्हणू शकत नाही आणि मग पाळकही कुणाला ‘नाही’ म्हणत नाहीत, कारण गर्दी टिकवायची असते.

आणि जागा. चर्चची जमीन हा विषय निघाला की भल्याभल्यांचा आवाज बदलतो. महाराष्ट्रात अशा मालमत्ता बहुधा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली नोंदलेल्या ट्रस्टकडे असतात. विश्वस्त बदलले की कलम २२ खाली नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा, आणि विक्री करायची किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी घ्यायची. कायदा सरळ आहे. पण मंडळीत दोन गट पडतात, दोन निवडणुका होतात, दोन चेंज रिपोर्ट दाखल होतात, दोन वकील लागतात. वर्षं जातात, आणि तोवर छप्पर गळतं, कंपाउंडच्या कोपऱ्यावर कुणीतरी पत्रे ठोकतं. जागा राखणं हे कर्तव्यच आहे, विश्वस्त म्हणतात ते त्यासाठीच. राखणं कुठे संपतं आणि पूजा कुठे सुरू होते? इफिसला देवीचे रुप्याचे देव्हारे घडवणाऱ्या सोनाराने केलेलं भाषण वाचा (प्रेषितांची कृत्ये १९). देमेत्रिय आधी म्हणतो, या धंद्यावर आपलं पोट आहे. मग म्हणतो, देवीचा मान जातो. क्रम तोच. पुढे दोन तास घोषणा चालल्या आणि जमलेल्यांतल्या बहुतेकांना आपण कशासाठी जमलो हेच ठाऊक नव्हतं, अशी लूकची नोंद आहे. ज्याने एखादी तापलेली वार्षिक सभा पाहिली आहे त्याला हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. ऑडिट झालेला हिशेब दर वर्षी उपासनेनंतर मोठ्याने वाचला आणि सूचनाफलकावर लावला, एकाच घरातला माणूस सलग तिसऱ्यांदा कमिटीवर घेतला नाही, की यातली निम्मी हवा निघते. हे करायला बिशप लागत नाही. तरी ते होत नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप शेवटी घेतो. आज ख्रिस्ती समाजावर बाहेरून दडपण आहे. प्रार्थनासभेला परवानगी मिळेल का, याची लोकांना धास्ती आहे. अशा वेळी आपलीच लक्तरं वेशीवर कशाला टांगायची? हा आक्षेप भेकडपणाचा नाही, तो माणसांच्या काळजीतून येतो, आणि शत्रूच्या हाती कोलीत मिळतं हेही खरं. पण यिर्मया कधी बोलला ते बघा. मंदिराच्या दारात उभा राहून त्याने ‘परमेश्वराचे मंदिर, परमेश्वराचे मंदिर, परमेश्वराचे मंदिर’ हा तीनदा घोकलेला जप लटका ठरवला आणि एकेकाळी कोश जिथे होता त्या शिलोचं काय झालं ते जाऊन बघा म्हणाला. बाबेलचा वेढा पडला तेव्हाही त्याचं बोलणं थांबलं नाही. लढणाऱ्यांचे हात ढिले करतो असा आरोप ठेवून त्याला चिखलाच्या हौदात सोडलं. धोका बाहेरचा होता हे त्यालाही दिसत होतं. पण संकटातला माणूसच हमी शोधत फिरतो, आणि हमी विकणारे त्याच वेळी दाराशी येतात. तेलाच्या बाटल्या सुखाच्या दिवसांत खपत नाहीत.

शास्ते १७ आणि १८ वर प्रवचन फारसं ऐकू येत नाही. मीखा नावाच्या माणसाने आईचे अकराशे शेकेल चोरले, मग परत केले. आईने ते सगळे परमेश्वराला वाहिले आणि त्यांतले दोनशे देऊन मूर्ती घडवून घेतली. उरलेल्या नऊशेंचं काय झालं ते लिहिलेलं नाही. मीखाने घरातच देव्हारा मांडला, आधी स्वतःच्या मुलाला याजक केलं, मग एक भटका लेवी (उपासनेचं काम ज्यांच्याकडे असे त्या वंशातला) भेटला त्याला वर्षाला दहा शेकेल, एक पोशाख आणि जेवण ठरवून ठेवून घेतलं. मीखा म्हणाला, आता परमेश्वर माझं भलं करणार हे नक्की, कारण लेवी माझा याजक आहे. पुढे दान वंशाचे सहाशे हत्यारबंद लोक आले, मूर्ती उचलली आणि लेवीला विचारलं, एका घराचा याजक होणं बरं की अख्ख्या वंशाचा? लेवीला आनंद झाला. मीखा शेजाऱ्यांना जमवून मागे धावला आणि ओरडला, मी केलेले देव तुम्ही नेलेत, माझा याजक नेलात, आता माझ्याकडे उरलं काय? ते म्हणाले, आवाज खाली कर, आमच्यात तापट माणसं आहेत. ते आपल्याहून भारी आहेत हे पाहून मीखा मागे फिरला. लेवी त्या लोकांच्या मधोमध चालत होता, एफोद आणि मूर्ती घेऊन. पुढे त्यांची लेकरं आणि गुरंढोरं.